खाल्लं किती, बुडालं किती?

२०१३ साली मोझांबिकमध्ये ट्यूना मासे पकडण्यासाठी एक सरकारी कंपनी निघाली. तिच्या आगेमागे आणखी दोन कंपन्या निघाल्या, एक सागरी टेहळणीसाठी आणि एक जहाजदुरुस्तीसाठी. तिन्ही कंपन्यांच्या नावावर परदेशी बँकांकडून मिळून साधारण २ अब्ज डॉलरचं कर्ज उचललं गेलं आणि ते बुडालं तर फेडायची हमी सरकारने घेतली. बोटी आल्या, पण त्यातल्या बहुतेक राजधानी मापुतोच्या बंदरात नुसत्या गंजत पडल्या. यातलं बरंचसं कर्ज संसदेला आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला न सांगता घेतलेलं होतं. २०१६ मध्ये बिंग फुटलं. नाणेनिधीने आणि मदत देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला, चलन गडगडलं, कर्जाचे हप्ते थकले आणि वर्षाला ७ टक्क्यांच्या आसपास वाढणारी अर्थव्यवस्था दोनएक वर्षांत निम्म्या वेगावर आली. कर्ज घेतलं तेव्हाचे अर्थमंत्री मानुएल चांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरवण्यात आलं.

आता आकडे पाहू. अमेरिकेच्या सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे लाच आणि दलालीपोटी किमान २० कोटी डॉलर वाटले गेले. कर्ज त्याच्या दहापट होतं. आणि मोझांबिक व नॉर्वेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये सगळा हिशेब मांडला तेव्हा देशाचं नुकसान किमान ११ अब्ज डॉलर निघालं. म्हणजे खाल्ले २० कोटी आणि बुडाले ११०० कोटी.

भ्रष्टाचारावर बोलताना आपण बहुतेक वेळा पहिल्या आकड्यापाशीच थांबतो. कोणी किती खाल्ले, कुठल्या बँकेत ठेवले, घरात किती रोकड सापडली. बातमी म्हणून ते ठीक आहे. पण लाचेचा पैसा म्हणजे एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेला पैसा. तो चोरीचा असला तरी कुणाच्या तरी हातात असतो. अर्थव्यवस्थेला खरा खड्डा पडतो तो ही लाच खाता यावी म्हणून जे निर्णय घेतले जातात त्यांच्यामुळे. नको असलेली बोट घेतली जाते, हवा असलेला दवाखाना राहून जातो, कर्ज लपवावं लागतं आणि ते लपवायचं म्हणून हिशेब तपासणाऱ्यांनाही गप्प बसवावं लागतं. हा लेख या दुसऱ्या आकड्याबद्दल आहे.

व्याख्येत फार वेळ घालवायला नको. सार्वजनिक पदाचा खासगी फायद्यासाठी गैरवापर, ही जागतिक बँकेची व्याख्या बऱ्यापैकी कामाची आहे. पण तिच्या पोटात तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची गल्लत झाली की चर्चा भरकटते. पहिली चिरीमिरी. दाखला, परवाना, नळजोडणी, चौकीवरची सुटका, यासाठी खालच्या पातळीवर चालणारी देवघेव. दुसरी कंत्राटातली टक्केवारी. इथे रक्कम मोठी असते आणि वाटेकऱ्यांची साखळी वरपर्यंत जाते. तिसरी सगळ्यात कमी दिसते आणि सगळ्यात जास्त नडते. तिच्यात नियम मोडावाच लागत नाही, कारण नियमच आपल्याला हवा तसा लिहून घेतलेला असतो किंवा नियम राबवणारा माणूस आपला बसवलेला असतो.

दक्षिण आफ्रिकेत जेकब झुमा अध्यक्ष असताना हे घडलं. २०१६ मध्ये तिथल्या उपअर्थमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं की गुप्ता या उद्योजक कुटुंबाने आपल्याला अर्थमंत्रिपद देऊ केलं होतं. गुप्तांनी ते नाकारलं. पण ज्यांच्याकडे कुठलंच सरकारी पद नाही असं एखादं घराणं मंत्रिपदं वाटत फिरतंय, हे त्या देशात लोकांना अशक्य वाटेनासं झालं होतं. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये झुमांनी अर्थमंत्र्यांना तडकाफडकी काढून एका अनोळखी खासदाराला त्या जागी बसवलं होतं. चलनबाजार असा कोसळला की चार दिवसांत त्यांना तो निर्णय फिरवावा लागला. पुढे झोंडो चौकशी आयोगाने २०१८ ते २०२२ अशी चार वर्षं हे प्रकरण खणून काढलं. त्यातून दिसलेली पद्धत साधी आहे. आधी सरकारी कंपन्यांच्या संचालक मंडळांवर आपली माणसं बसवायची, मग खरेदी आपल्याला हवी तशी वळवायची आणि दरम्यान तपास यंत्रणा व करखातं खिळखिळं करून ठेवायचं. त्या करखात्याची घडी कशी विस्कटली यावर वेगळा चौकशी आयोग बसवावा लागला. करखातं लंगडं झालं की सरकारचा महसूल घटतो, आणि त्याची झळ ज्याचा या भानगडीशी काडीचा संबंध नाही अशा शाळेला आणि इस्पितळाला लागते.

हे होतं कसं, याचं एक सुटसुटीत सूत्र रॉबर्ट क्लिटगार्ड या अभ्यासकाने १९८८ मध्ये मांडलं. मक्तेदारी अधिक मनमानीची मुभा, वजा जाब देण्याची सक्ती. एखादी गोष्ट एकाच टेबलावर मिळत असेल, ती कोणाला द्यायची हे त्या टेबलामागच्या माणसाच्या मर्जीवर असेल आणि त्याने काय केलं हे कोणी विचारणार नसेल, तर तिथे लाच उगवणार. तो माणूस वाईट असायलाच हवा असं नाही. तळे राखी तो पाणी चाखी हे आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतात. सूत्र त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन विचारतं की तळ्यावर राखणदार एकच का, आणि पाणी मोजतं कोण.

माणूस जबाबदार की व्यवस्था, या वादावर न्यूयॉर्कच्या पार्किंगच्या दंडांनी चांगला प्रकाश टाकला. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात जगभरचे राजनैतिक अधिकारी असतात. त्यांना विशेष संरक्षण असल्यामुळे २००२ पर्यंत त्यांच्याकडून पार्किंगचा दंड वसूल करता येत नसे. शहर एकच, रस्ते तेच आणि शिक्षा कोणालाच नाही. रेमंड फिस्मन आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दीड लाखाहून अधिक पावत्या न भरलेल्या निघाल्या. ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त समजला जातो तिथल्या अधिकाऱ्यांच्या नावावर पावत्याही जास्त होत्या. नॉर्वे आणि स्वीडनच्या नावावर एकही नव्हती. इथे थांबलं तर निष्कर्ष निघतो की सगळं संस्कारांवर आहे. पण २००२ मध्ये शहराला अशा गाड्यांच्या खास नंबरप्लेट काढून घेण्याचा अधिकार मिळाला आणि न भरलेले दंड जवळपास ९८ टक्क्यांनी घटले. संस्कार एका रात्रीत बदलत नाहीत. माणसं तीच होती, फक्त आता त्यांना विचारणारं कोणीतरी होतं.

कारभारावर होणारा परिणाम सगळ्यांच्या परिचयाचा आहे, पण त्यातली एक बाजू नीट बोलली जात नाही. लाच दिल्याने नियम वाकतो एवढंच आपण म्हणतो. प्रत्यक्षात लाच मिळते म्हणून नियम किचकट ठेवला जातो. अर्जात मुद्दाम एखादी संदिग्ध अट असते, मुदत सांगितलेली नसते, फाइल कोणाकडे आहे हे कळत नाही. अडवणूक हेच उत्पन्नाचं साधन झालं की ती दूर करण्यात कोणालाच रस उरत नाही. बदल्या आणि नेमणुका पैसे मोजून मिळत असतील तर हे चक्र आणखी घट्ट होतं. जागेसाठी पैसे मोजलेला अधिकारी ते वसूल करणारच. ज्याने मोजले नाहीत त्याला अशा जागी पाठवतात जिथे तो कोणाच्या मध्ये येणार नाही. दहा-पंधरा वर्षं असं चाललं की त्या खात्यात काम येणारी माणसं कमी होत जातात आणि वाटाघाटी येणारी वाढत जातात. मग एखाद्या दिवशी प्रामाणिक मंत्री आला तरी त्याच्या हाताखाली काम करू शकणारं खातंच शिल्लक नसतं.

दिल्लीत वाहनपरवान्यांवर झालेला एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्जदारांच्या एका गटाला सांगितलं होतं की परवाना लवकर मिळवलात तर बक्षीस. या गटाने परवाने लवकर मिळवलेही, बऱ्याच जणांनी दलालामार्फत आणि चाचणी न देता. संशोधकांनी त्यांची स्वतंत्र चाचणी घेतली तेव्हा अनेकांना गाडी चालवताच येत नव्हती. दलालाने फक्त रांग वाचवली असती तर प्रकरण गैरसोयीपुरतं राहिलं असतं. त्याने चाचणी वाचवली, आणि चाचणी ज्या कारणासाठी होती ते कारण रस्त्यावर तसंच राहिलं.

हेच इमारतींच्या बाबतीत होतं. निकोलस अँब्रेसीस आणि रॉजर बिल्हम या दोन शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये ३० वर्षांतल्या भूकंपांचा हिशेब काढला. इमारती कोसळून झालेल्या मृत्यूंपैकी ८३ टक्के मृत्यू अशा देशांत झाले होते जिथे भ्रष्टाचार त्यांच्या उत्पन्नाच्या मानाने अपेक्षेपेक्षा जास्त आहे. बांधकामात हे इतकं का होतं तेही उघड आहे. सळई किती जाडीची वापरली, सिमेंटमध्ये वाळू किती मिसळली, हे काँक्रीट ओतल्यावर कोणाला दिसत नाही. रोमानियात ऑक्टोबर २०१५ मध्ये बुखारेस्टच्या कोलेक्टिव्ह नाइटक्लबला आग लागली आणि ६४ जण गेले. आगीपासून बचावाच्या परवानग्यांशिवाय क्लब चालू होता. लोक रस्त्यावर उतरले, सरकार गेलं. आणि पुढच्या वर्षी तिथल्या पत्रकारांनी उघडकीला आणलं की इस्पितळांना पुरवलं जाणारं जंतुनाशक पाणी घालून पातळ केलेलं होतं. आगीतून वाचलेल्यांपैकी कितीतरी जण नंतर इस्पितळात दगावले होते.

आता अर्थव्यवस्था. इथे थोडं थांबायला हवं, कारण नुकसान थेट दिसत नाही.

१९९५ मध्ये पाओलो मॉरो या अर्थतज्ज्ञाने अनेक देशांची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की भ्रष्टाचार जास्त असलेल्या देशांत गुंतवणूक कमी होते आणि त्यामुळे वाढीचा वेग मंदावतो. नंतर त्यानेच दाखवलं की असे देश शिक्षणावरही कमी खर्च करतात. शिक्षणावर का? कारण शिक्षकांच्या पगारात टक्केवारी काढणं अवघड असतं. रक्कम ठरलेली, माणसं ठरलेली, दर महिन्याला तेवढेच पैसे जाणार. याउलट धरण, विमानतळ, लढाऊ विमानं यांची नेमकी किंमत किती असावी हे बाहेरच्या कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. तिथे १० टक्के जास्त लावले तरी कळत नाही. मंत्रिमंडळात पैसे कुठे घालायचे याचा विचार होतो तेव्हा ही गोष्ट कोणी बोलत नाही, पण निर्णय तिकडे झुकतो.

नाणेनिधीतल्या वीटो तान्झी आणि हमीद दावूदी यांनी १९९७ मध्ये यातली आणखी एक गंमत दाखवली. भ्रष्ट देशांत सरकारी बांधकामावरचा खर्च कमी नसतो, उलट जास्त असतो. रस्ते बांधले जातात, फीत कापली जाते. पण देखभालीवर कमी खर्च होतो आणि रस्त्यांचा दर्जा खालावलेला असतो. देखभाल म्हणजे छोटी, विखुरलेली आणि कंटाळवाणी कामं. त्यात मलिदा नाही आणि उद्घाटनही नाही. म्हणून चांगला रस्ता खड्डे बुजवून वापरण्यापेक्षा तो पूर्ण मोडू द्यायचा आणि नव्याने कंत्राट काढायचं हे सोयीचं ठरतं. सरकारी खर्चाचा आकडा फुगलेला बघून ‘विकास चाललाय’ असं म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास वाचावा.

उद्योजकाच्या बाजूने बघितलं तर लाच म्हणजे एक जादा कर, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. कर किती हे आधी माहीत असतं, तो भरल्याची पावती मिळते आणि पावती दाखवली की दुसरा कोणी तोच कर मागत नाही. लाचेला यातलं काहीच लागू नाही. पैसे घेऊन काम झालं नाही तर न्यायालयात जाता येत नाही. आणि एकाला दिले की दुसरा मागायला येतो.

बेन ओल्केन आणि पॅट्रिक बॅरन यांचा इंडोनेशियातला अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. आचे प्रांतातून जाणाऱ्या मालट्रकांमध्ये त्यांनी आपली माणसं क्लीनर म्हणून बसवली. ३०४ फेऱ्यांमध्ये त्यांनी ६००० हून अधिक बेकायदा वसुल्या डोळ्यांनी पाहून नोंदवल्या. कुठे पोलीस, कुठे सैनिक, कुठे वजनकाट्यावरचे कर्मचारी. फेरीच्या एकूण खर्चात या वसुलीचा वाटा १३ टक्के होता, चालकाच्या मजुरीपेक्षाही जास्त. त्यात एक बारकावा आहे. मुक्काम जवळ येत जाई तसा चौकीवरचा दर वाढत जाई. कारण सरळ आहे. एवढं अंतर कापून आलेला ट्रक मागे वळणार नाही हे चौकीवाल्याला माहीत असतं. त्याच काळात शांतता करारानुसार तिथून सैन्य माघारी जात होतं आणि चौक्या कमी होत होत्या. तेव्हा उरलेल्या चौक्यांनी आपला दर वाढवला. मात्र एकूण वसुली घटली. दहा जण स्वतंत्रपणे लुटत असतील तर प्रत्येक जण आपापलं बघतो आणि सगळे मिळून रस्ताच बंद पाडतात. एकच लुटारू असेल तर निदान रस्ता वाहता राहावा एवढी त्याला फिकीर असते. आंद्रेई श्लाइफर आणि रॉबर्ट विश्नी यांनी १९९३ मध्ये हाच मुद्दा सिद्धांत म्हणून मांडला होता. ट्रकच्या केबिनमध्ये तो मोजून मिळाला.

‘थोडं वंगण लागतंच, त्याशिवाय गाडा हलत नाही,’ हा युक्तिवाद जुना आहे. १९६० च्या दशकात काही नामवंत अभ्यासकांनीही तो गांभीर्याने मांडला होता. नियम मूर्खपणाचे असतील तर ते ओलांडायला लाच उपयोगी पडते, असं त्यांचं म्हणणं. एकेका माणसापुरतं ते खरंही असतं. पण डॅनियल कॉफमन आणि शांग-जिन वेई यांनी १९९९ मध्ये कंपन्यांच्या सर्वेक्षणातून पाहिलं तर जास्त लाच देणाऱ्या कंपन्यांच्या वरिष्ठांचा सरकारी कचेऱ्यांत जास्त वेळ जात होता. कोण पैसे देतो हे कळलं की त्याचीच फाइल पुन्हा अडते.

मग दक्षिण कोरिया आणि चीन? हा प्रश्न टाळून चालणार नाही. दक्षिण कोरियात चुन डू-ह्वान आणि रो ताए-वू हे दोन माजी अध्यक्ष १९९६ मध्ये भ्रष्टाचारासकट गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत देश झपाट्याने वर आला. चीनमध्ये बाजार खुला झाल्यापासून अधिकाऱ्यांची खाबूगिरी आणि विक्रमी वाढ हातात हात घालून चालली. याचं मला पटणारं उत्तर असं की सगळा भ्रष्टाचार एका जातीचा नसतो. कारखाना निघाला तरच वाटा मिळणार असेल तर अधिकारी कारखाना निघावा म्हणून धावपळ करतो. कारखाना अडवला तरच वाटा मिळणार असेल तर तो अडवतो. पहिल्या प्रकारात वाढ होते, पण ती ओळखीच्या आणि वशिल्याच्या कंपन्यांच्या खांद्यावर होते, बँका त्यांना डोळे मिटून कर्ज देतात आणि जोखीम साचत जाते.

अध्यक्ष सुहार्तोंच्या इंडोनेशियात ही जोखीम शेअर बाजारात चक्क दिसत होती. १९९० च्या दशकात त्यांच्या प्रकृतीबद्दल अफवा उठली की त्यांच्या मुलांशी आणि मित्रांशी जोडलेल्या कंपन्यांचे शेअर इतरांपेक्षा जास्त कोसळत. वर ज्यांचा उल्लेख आला त्या फिस्मन यांनीच हे मोजलं. याचा अर्थ गुंतवणूकदार त्या कंपन्यांच्या मालाला किंवा व्यवस्थापनाला किंमत देत नव्हते. एका म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीला देत होते. तीन दशकं देश वेगाने वाढला. मग आशियाई आर्थिक संकट आलं, मे १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले आणि त्या एका वर्षात अर्थव्यवस्था १३ टक्क्यांनी आक्रसली. संकट शेजारच्या देशांवरही आलं होतं, पण इतका मोठा फटका त्यांतल्या फारच थोड्यांना बसला.

भ्रष्टाचार मोजायचा कसा, यावर दोन शब्द. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही बर्लिनची संस्था १९९५ पासून देशांची क्रमवारी काढते आणि दरवर्षी तिची बातमी होते. ती लोकांच्या, मुख्यतः जाणकारांच्या आणि व्यावसायिकांच्या समजुतीवर बेतलेली आहे, पैशांच्या मोजमापावर नाही. डेन्मार्क वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकाच्या आसपास असतो. त्याच डेन्मार्कच्या सगळ्यात मोठ्या बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात साधारण २०० अब्ज युरोंची उलाढाल झाली, आणि तिचा मोठा भाग संशयास्पद होता. एका देशात खाल्लेला पैसा दुसऱ्या, स्वच्छ समजल्या जाणाऱ्या देशात जिरतो. जर्मनीत तर १९९९ पर्यंत परदेशी अधिकाऱ्यांना दिलेली लाच व्यवसायाचा खर्च दाखवून करातून वजा करता येत असे.

उपायांकडे वळण्याआधी पेरूची गोष्ट सांगायला हवी, कारण कुठला पहारा खरोखर कामाचा आहे हे तिथे भ्रष्टाचार करणाऱ्यानेच आपल्या हिशेबात लिहून ठेवलं. अल्बेर्तो फुजिमोरी यांच्या राजवटीत गुप्तचर प्रमुख व्लादिमिरो मोन्तेसिनोस याने न्यायाधीश, खासदार आणि टीव्ही वाहिन्यांचे मालक विकत घेतले होते. तो काटेकोर माणूस होता. लाच घेतल्याच्या सह्या घ्यायचा आणि पैसे देतानाचं चित्रीकरण करून ठेवायचा. पुढे जॉन मॅकमिलन आणि पाब्लो झोइदो यांनी या हिशेबाचा अभ्यास केला. न्यायाधीश आणि खासदार यांचे दर जवळपास होते, खासदारांचा जरा जास्त. टीव्ही वाहिनीच्या मालकाचा दर खासदाराच्या साधारण शंभरपट होता. एक खासदार नाही म्हणाला तर दुसरा मिळतो, बहुमताला पुरेसे झाले की झालं. वाहिन्यांचं तसं नाही. दहापैकी नऊ गप्प बसल्या आणि एक बोलली तरी सगळं गेलं. मोन्तेसिनोसने एका छोट्या केबल वाहिनीला पैसे दिले नव्हते, प्रेक्षकच किती म्हणून. सप्टेंबर २००० मध्ये एका खासदाराला १५००० डॉलर देतानाची चित्रफीत त्याच वाहिनीवर झळकली. नोव्हेंबरमध्ये फुजिमोरींनी जपानमधून फॅक्सने राजीनामा पाठवला.

उपायांबाबत पहिली सूचना नेहमी येते ती पगार वाढवण्याची. घानाने २०१० मध्ये पोलिसांचे पगार जवळपास दुप्पट केले. ट्रकचालकांच्या नोंदी तपासल्या तर पोलिसांची वसुली वाढलेली निघाली. पगार वाढवायला हरकत नाही, पण जाब विचारणारं कोणी नसेल तर त्याने फरक पडत नाही, उलट भाव वाढतो.

तपासणीने फरक पडतो. इंडोनेशियात ६०० हून अधिक गावांत रस्ते बांधले जात असताना ओल्केन यांनी काही गावांना आधीच कळवलं की तुमचं लेखापरीक्षण नक्की होणार. एरवी ती शक्यता ४ टक्के होती. मग अभियंत्यांनी तयार रस्ते खोदून आत खडी-वाळू किती आहे ते मोजलं. तपासणी ठरलेल्या गावांत गायब झालेला खर्च ८ टक्के बिंदूंनी कमी होता. त्याच गावांत, कामावर नातेवाइकांना लावण्याचं प्रमाण मात्र वाढलं. एक भोक बुजवलं की पाणी दुसरं शोधतं, तेव्हा मोजणाऱ्यालाही जागा बदलत राहावं लागतं.

माहितीनेही फरक पडतो, पण ती नेमकी असावी लागते. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांना पाठवलेल्या अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोचत होते. हे उघड झाल्यावर कोणत्या जिल्ह्याला कोणत्या महिन्यात किती पैसे पाठवले ते वर्तमानपत्रांत छापून येऊ लागलं आणि शाळांच्या दारावर लागू लागलं. २००१ पर्यंत प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. त्या काळात तिथे इतरही सुधारणा झाल्या, सगळं श्रेय कागदाला देता येणार नाही. पण ‘भ्रष्टाचार हटवा’ असा फलक आणि ‘तुमच्या शाळेसाठी या महिन्यात इतके पाठवले’ असा फलक यांत दुसऱ्याला खजिनदार जास्त घाबरतो. ब्राझीलने २००३ पासून सोडत काढून नगरपालिकांचे हिशेब तपासायला सुरुवात केली आणि अहवाल जाहीर केले. पुढच्या निवडणुकीत गैरव्यवहार निघालेल्या महापौरांना फटका बसला, आणि जिथे स्थानिक रेडिओ होता तिथे जास्त बसला.

याच ब्राझीलने सफाई कशी फिसकटते हेही दाखवलं. मार्च २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘लावा जातो’ तपासात पेट्रोब्रास या तेलकंपनीच्या कंत्राटांची टक्केवारी बाहेर आली. ओडेब्रेख्त या बांधकाम कंपनीत लाच वाटण्यासाठी एक स्वतंत्र विभागच निघाला. १२ देशांत मिळून ७८.८ कोटी डॉलर दिल्याचं तिने २०१६ मध्ये कबूल केलं. मोठमोठे लोक तुरुंगात गेले. पण तेव्हा माजी अध्यक्ष असलेल्या लुला यांना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश सर्जिओ मोरो २०१९ मध्ये नवे अध्यक्ष बोल्सोनारो यांच्या मंत्रिमंडळात जाऊन बसले. त्यांच्या आणि सरकारी वकिलांच्या आपसातल्या संदेशांतून संगनमत दिसलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोरो यांना पक्षपाती ठरवलं आणि २०२३ मध्ये ओडेब्रेख्तच्या कबुलीतून मिळालेले पुरावेच एका न्यायमूर्तींनी रद्दबातल केले. कंपनीने स्वतः कबूल केलेले व्यवहार न्यायालयात उभे राहीनात.

हाँगकाँगचा मार्ग कमी नाट्यमय होता आणि त्यात एक कडू घोट होता. १९७३ मध्ये पीटर गॉडबर हा वरिष्ठ पोलीस अधिकारी चौकशी चालू असताना इंग्लंडला पळून गेला. संतापलेले लोक रस्त्यावर आले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये थेट गव्हर्नरला जबाबदार असलेला स्वतंत्र आयोग उभा राहिला. त्याचे तीन विभाग केले. एक तपास करणारा, दुसरा खात्याखात्यांत बसून लाचेला वाव देणाऱ्या कार्यपद्धती बदलणारा, तिसरा लोकांशी बोलणारा. गॉडबरला परत आणून शिक्षाही झाली. पण पोलीस दलात वाटेकरी इतके होते की ऑक्टोबर १९७७ मध्ये पोलिसांनीच आयोगाच्या कचेरीत घुसून धुडगूस घातला. सगळ्यांना आत टाकायचं तर पोलीस दलच उरणार नव्हतं. आठवडाभराने गव्हर्नरने जाहीर केलं की १ जानेवारी १९७७ च्या आधीचे गुन्हे, ज्यांची चौकशी आधीच सुरू आहे ते वगळून, उकरले जाणार नाहीत. आयोगातल्या अनेकांना हा पराभव वाटला. अनेक चोर त्या दिवशी निवांत घरी गेले. पण त्या तारखेनंतर हप्ता घेणाऱ्याला मागची सगळी साखळी आपल्या पाठीशी उभी राहील असा भरवसा उरला नाही, कारण त्या साखळीतल्या बाकीच्यांना आता गप्प बसण्यातच फायदा होता.